हालेचे पाच मनोरे आणि फायनिंगर

जर्मनीत साले नदीच्या काठी वसलेल्या हाले या शहरात राहायला आल्यापासून माझी ट्राम रोज बाजारचौकातून जाते. संगीतकार हेंडेलचे हे जन्मगाव, आणि चौकात त्याचा पुतळाही आहे. पण नजर जाते ती पाच मनोऱ्यांकडे. त्यांतले चार मार्क्टकिर्श या चर्चचे, तर ८४ मीटर उंचीचा पाचवा, म्हणजे रोटर टुर्म, एकटाच उभा आहे. मूळची दोन चर्च पाडून, त्यांचे मनोरे मात्र तसेच ठेवून, १५२९ ते १५५४ या काळात मधोमध नवे चर्च बांधण्यात आले. त्यामुळे एका टोकाला निमुळत्या टोप्यांची एक जोडी आणि दुसऱ्या टोकाला उंचावर पुलाने जोडलेली वेगळ्याच घडणीची जोडी, असा हा काहीसा विजोड संसार आहे.

लायोनेल फायनिंगरने या शहराची चित्रे काढली ती १९२९ ते १९३१ या काळात. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा चित्रकार सोळाव्या वर्षी जर्मनीत आला आणि पुढे बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिकवू लागला. हालेच्या नगरपालिकेने त्याला शहराचे चित्र काढण्यासाठी बोलावले आणि मोरिट्सबुर्ग या जुन्या किल्ल्याच्या दरवाजावरील बुरुजात काम करायला जागा दिली. एका चित्राची अकरा चित्रे झाली. त्याने आधी गल्लीबोळांतून कॅमेरा घेऊन भरपूर फोटो काढले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ही चित्रे मनाने रचलेली नाहीत. त्यांच्यामागे पायपीट आहे.

त्या किल्ल्यात आता कलासंग्रहालय आहे. तिथे ‘बाणासह मारियनकिर्श’ (मारियनकिर्श म्हणजे चौकातले मार्क्टकिर्शच) हे १९३० सालचे चित्र मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा खरे सांगायचे तर निराशा झाली. त्याचा फोटो आईला पाठवला, तर तिचा लगेच प्रश्न आला, “यात चर्च कुठे आहे गं?” मलाही नीट सांगता येईना. मग जवळ जाऊन पाहिल्यावर लक्षात आले की दगड आणि आकाश यांत त्याने भेदच ठेवलेला नाही. मनोऱ्याची कड जिथे संपते तिथून तीच रेघ पुढे आकाशात जाते आणि आकाशालाही पैलू पाडते. आकाशकंदिलाच्या दोन रंगांचे कागद एकमेकांवर आले की तेवढीच पट्टी गडद दिसते ना, तसे रंगांचे पातळ थर एकमेकांतून दिसतात.

डिसेंबरमध्ये संध्याकाळी चारच्या सुमारास मी एका अरुंद गल्लीतून चौकाकडे येत होते. दोन्ही बाजूंच्या भिंतींमधल्या फटीत मनोऱ्यांचे तुकडेच दिसत होते, आणि धुक्यात त्यांची टोके कुठे संपतात हे कळत नव्हते. या चित्रांना मोडतोड म्हणणाऱ्यांनी त्या वेळी तिथे उभे राहून पाहावे.

असे म्हणणारे पुढे सत्तेवर आले. नगरपालिकेने विकत घेतलेली ही चित्रे १९३७ मध्ये नाझींनी ‘विकृत कला’ ठरवून जप्त केली, आणि त्याच वर्षी फायनिंगर अमेरिकेला परतला. मालिका विखुरली ती विखुरलीच. बाणाचे हे चित्र मात्र किल्ल्यात परत आले आहे. आईला मी परवा गल्लीतून काढलेला फोटो पाठवला, तर ती म्हणाली, “हा तर त्या चित्राचाच आहे की!”