आठवा कोपरा

आज अष्टकोनी घराची खालची लाकडी चौकट जुळवली आणि सात कोपरे मस्त बसले, आठव्याला मात्र बोटभर फट! समोरासमोरच्या बाजूंमध्ये २४ फूट अंतर, म्हणजे एकेक बाजू साधारण ९ फूट ११ इंच, आतला कोन १३५ अंश, म्हणून प्रत्येक टोक साडेबावीस अंशात कापायचं, कागदावर सगळं सोपं होतं. पण आठ सांधे म्हणजे १६ काप, प्रत्येक कापात अर्धा अंश जरी चुकला तरी शेवटी ८ अंश गोळा होतात हे आज हाताला कळलं.

मग टेप घेऊन कोपरा ते कोपरा चारही कर्ण मोजले, प्रत्येक जवळजवळ २६ फूट यायला हवा, त्यातले दोन कर्ण कमी भरले. चूक तिथेच सापडली. तेवढेच दोन सांधे सोडवले, पटाशीने केसाएवढं लाकूड काढत काढत बसवले आणि शेवटचं तुळईचं टोक टक्कन आत गेलं, तो आवाज अजून कानात आहे.

एवढ्याच लांबीच्या भिंतीत चौकोनापेक्षा साधारण २०% जास्त जागा मिळते, म्हणून तर हा आकार मनात भरलेला. उद्या खांब उभे करायचे, आणि छताचे आठ वासे मधे एकत्र येतात त्या गाठीची मला आत्तापासूनच काळजी लागलीये.