पहिला नंबर

शाळाप्रवेशाची यादी लागली की दुसऱ्या दिवशी तक्रार खिडकीवर आमच्यापैकी कुणाला तरी बसावंच लागतं. एरवी मी आत असते. कुठल्या मुलाला कुठली शाळा मिळणार हे ठरवणारा प्रोग्राम सांभाळते. त्या वर्षी खिडकीची पाळी माझ्यावर आली.

अकराच्या सुमारास एक गृहस्थ आले. भांडायला आल्यासारखे नव्हते, उलट आपलंच काही चुकलंय अशा चेहऱ्यानं उभे होते. चार घड्या घातलेली फॉर्मची प्रत त्यांनी पुढे सरकवली. पाच पसंतीक्रम, वळणदार अक्षरात. पहिला क्रमांक लांबच्या एका शाळेला, कारण मुलीला बुद्धिबळाचं वेड आणि तिथे ते मन लावून शिकवतात. दुसरा घरामागच्या शाळेला. मिळाली होती पाचवी, दोन बस बदलून जायची.

"पहिली नाही मिळाली, ठीक आहे मॅडम. पण घरामागची का नाही? जवळच्यांना प्राधान्य, असं तुमच्याच पत्रकात लिहिलंय. आमच्या स्वयंपाकघरात त्या शाळेची घंटा ऐकू येते."

मी नोंद उघडली. मनातून वाटत होतं, कुठेतरी पत्ता चुकीचा पडलेला असावा, म्हणजे दुरुस्त करून मोकळी होईन. पण पत्ता बरोबर होता. सगळंच बरोबर होतं.

आमच्या नियमात पहिल्या फेरीत प्रत्येक शाळा फक्त तिला पहिला क्रमांक देणाऱ्यांचे अर्ज बघते आणि जागा कायमच्या देऊन टाकते. जवळ राहण्याचं प्राधान्य असतं, पण त्या फेरीत आलेल्यांपुरतंच. घरामागची शाळा पहिल्याच फेरीत भरली होती. तिथली शेवटची जागा बऱ्याच लांबून येणाऱ्या मुलाला गेली होती, कारण त्याच्या घरच्यांनी तिला पहिला क्रमांक दिला होता. तिसरी आणि चौथीही तशाच भरलेल्या.

प्रिंटआउटच्या कोऱ्या बाजूवर मी हे चौकोन काढून दाखवलं. त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं.

"म्हणजे मी ही पहिली लिहिली असती तर मिळाली असती?"

"हो."

"पण मला ती पहिली नको होती."

"हो."

"मग मी खोटं लिहायला हवं होतं?"

याला उत्तर द्यायला आमच्या पत्रकात रकाना नाही.

खरं तर हा प्रश्न मला नवा नव्हता. बॉस्टनमध्ये हीच पद्धत होती. पसंती कशी 'लावायची' याच्या युक्त्या तिथले जाणकार पालक एकमेकांना सांगत. अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि तायफुन सोन्मेझ या अर्थतज्ज्ञांनी 2003 मध्ये तिच्यातला दोष मांडला आणि 2005 मध्ये शहरानं ती सोडायचं ठरवलं. इंग्लंडनं पहिल्या पसंतीला असं झुकतं माप देणं 2007 च्या प्रवेशसंहितेत बंदच केलं. पर्याय तर डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी 1962 मध्येच सांगून ठेवलाय. पहिल्या फेरीत जागा कायमची द्यायची नाही, नुसती राखून ठेवायची. पुढच्या फेरीत जास्त प्राधान्याचं मूल आलं तर आधीचं मूल तिथून उठतं आणि आपल्या पुढच्या पसंतीकडे जातं. कुणीच उठायचं उरलं नाही की यादी पक्की. यात मनातलं खरं लिहिल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. अगदी चिठ्ठ्या घेऊन जमिनीवर मांडता येईल इतकं सोपं आहे.

हे मी आधीच्या वर्षी बैठकीत मांडलं होतं. उत्तर मिळालं, "इतक्या टक्के मुलांना पहिली पसंती मिळाली, हा आकडा आपल्याला द्यावा लागतो." तो आकडा जुन्या पद्धतीत छान येतोच, लोक मिळेल तेच पहिलं लिहितात, मग का नाही येणार? वर्गातल्या टॅबलेटवर आणि ॲपवर आमच्याकडे तासन्‌तास चर्चा होते. मूल कुठल्या वर्गात बसणार हे ठरवणारा प्रोग्राम मात्र कुणी उघडून बघत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला ठेवला आणि तेच अर्ज, तेच सोडतीचे क्रमांक दुसऱ्या नियमानं चालवून पाहिले. हा काही पुरावा नव्हे. अर्धे फॉर्म आधीच हिशेब करून भरलेले असणार. तरी पाहिलं. मुलीला घरामागची शाळा मिळाली. लांबच्या मुलाला त्याची दुसरी. पहिल्या पसंतीचा आकडा घसरला. प्रोग्राम बंद केला, जेवले नाही.

परत आले तर गृहस्थ बाकावर बसून उरलेल्या जागांच्या फेरीचा फॉर्म भरत होते. नियम तोच. त्यांना आवडलेल्या शाळेत दोनच जागा उरल्या होत्या आणि त्यांच्या आधीचे कितीतरी जण तिच्यावर टपलेले. दुसरी बरी होती, तिथे जागाही बऱ्यापैकी होत्या.

"आता पहिली कुठली लिहू?" त्यांनी हळूच विचारलं.

असा सल्ला द्यायची आम्हाला परवानगी नाही. मी दुसऱ्या शाळेच्या नावावर बोट ठेवलं.

मागे उभ्या असलेल्या बाईंनी ते पाहिलं. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि स्वतःच्या फॉर्मवरचं पहिलं नाव खोडलं.