आमची वाटचाल : जुन्या सायकलींची पारख आणि खरेदी

आमच्या व्यवसायाची सुरुवात सायकल दुरुस्तीपासून झाली आणि जुन्या सायकली विकत घेऊन विकाव्यात, हा विचार सुरुवातीला आमच्या मनातही नव्हता. मात्र घरातील वडीलधाऱ्यांची सायकल पुन्हा चालू करून घेण्यासाठी येणाऱ्या ग्राहकांना जे सुटे भाग लागत, ते नव्या मालात मिळेनासे झाले. ते हमखास मिळवायचे तर जुन्या सायकलींच्या विक्रीला जाऊन एखादी मोडकी सायकल सबंध उचलणे भाग होते. अशा रीतीने सुट्या भागांसाठी सुरू झालेली खरेदी हळूहळू आमचा मुख्य व्यवसाय बनली. या धंद्यातील नफा विकताना नव्हे, तर घेतानाच ठरतो, असे आमचे मत आहे आणि म्हणूनच येथे विक्रीपेक्षा खरेदीविषयीच अधिक लिहीत आहोत.

विक्रीत ओळीने मांडलेल्या सायकलींपैकी चकचकीत रंगाच्या सायकलीपाशी गर्दी जमते. आम्ही मात्र ताज्या रंगाकडे संशयानेच पाहतो, कारण नव्या रंगाखाली गंज, डाग देऊन सांधलेली चीर किंवा ठोकून सरळ केलेली नळी सहज झाकली जाते. समोरून जोराची धडक बसलेल्या सायकलीची खूण पुष्कळदा हँडलच्या नळीच्या लगेच मागे सापडते. तिथे खालच्या तिरक्या नळीच्या पोटावरून बोट फिरवले असता बारीकशी सुरकुती किंवा रंगाला गेलेला आडवा तडा जाणवतो आणि डोळ्यांना जे दिसत नाही, ते बोटाला कळते. चिमटा वाकलेला असेल तर तो बदलता येतो, परंतु फ्रेमच दबलेली असेल तर ती सायकल आम्ही केवळ सुट्या भागांच्या हिशेबाने घेतो.

सायकलीचे वय सांगताना विक्रेते बरेचदा अंदाजच करतात आणि त्यात त्यांचा दोष असतोच असे नाही. स्टर्मी-आर्चर या इंग्रजी कंपनीच्या तीन गिअरच्या हबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर, मात्र हा अंदाज तपासून पाहता येतो. १९३६ साली आलेला त्यांचा ‘एडब्ल्यू’ हब पुढे कित्येक दशके तयार होत राहिला आणि त्याच्या कवचावर वर्षाचे आकडे व पुष्कळदा महिनाही कोरलेला असे. रॉकेलच्या बोळ्याने साठलेले वंगण पुसले की ‘६२’ किंवा ‘५८’ असे आकडे स्वच्छ दिसतात. अर्थात हा आकडा हबचे वय सांगतो, सायकलीचे नव्हे. चाक नंतर बदललेले असू शकते, म्हणून फ्रेमवरील क्रमांक, ब्रेकची रचना आणि चिन्हपट्टी यांचा मेळ बसल्याखेरीज आम्ही ग्राहकाला कोणतेही साल सांगत नाही. रेनॉल्ड्स ५३१ या १९३५ साली बाजारात आलेल्या नळ्यांच्या चिन्हपट्टीबाबतही हेच धोरण आहे, कारण चिन्हपट्टी नंतर चिकटवता येते, तर फ्रेमचे वजन आणि सांध्यांची सफाई यांचे सोंग आणता येत नाही.

यानंतर येतो आट्यांचा आणि मापांचा प्रश्न, ज्यावर नवखा खरेदीदार हमखास अडतो. इंग्रजी बनावटीच्या बहुतेक सायकलींच्या पायडलच्या धुरीच्या कपांना इंचाला २४ आटे असतात, तर रॅले या इंग्रजी कंपनीने आपल्या असंख्य सायकलींना २६ आटे ठेवले. त्यामुळे दिसायला सारखाच असलेला कप दोन-तीन फेऱ्यांनंतर घट्ट होतो आणि जोर केल्यास फ्रेममधील आटे खराब होतात. टायरवर छापलेल्या इंचांवरही विसंबू नये. ‘२६ गुणिले १ ३/८’ असे एकच माप लिहिलेले टायर ५९० मिलिमीटरच्या रिमसाठी असू शकतात आणि श्विन या अमेरिकी कंपनीच्या ५९७ मिलिमीटरच्या रिमसाठीही. सात मिलिमीटरचा हा फरक टायर चढवताना घाम काढतो, म्हणून खरेदीला जाताना आमच्या पिशवीत पाने आणि पक्कड असो वा नसो, मोजपट्टी आणि व्हर्नियर कॅलिपर असतातच.

अडकलेल्या भागांचा हिशेब वेगळा करावा लागतो. सीटची नळी फ्रेममध्ये गंजून बसली असेल, तर ती मोकळी करायला तेल, उष्णता आणि मुख्यतः सबुरी लागते. ॲल्युमिनियमची नळी पोलादी फ्रेममध्ये धरून बसली असेल, तर काम आणखी चिवट होते. कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा धुरीला पक्का धरणारी पाचर, ठोकून काढताना कारागिराची खरी परीक्षा होते. अशा सायकलीसाठी बोली लावताना आम्ही मजुरी आधी वजा करतो. चामड्याच्या सीटची मात्र आम्ही फार चिंता करत नाही. तिला चिरा नसतील आणि ताणाचा बोल्ट फिरत असेल, तर बहुधा ती कामी येते.

पुढे व्यवसाय वाढला, तेव्हा सर्व सायकली नव्याने रंगवून विकाव्यात, असा आग्रह काही हितचिंतकांनी धरला. आम्ही तो मानला नाही. कारखान्यातून आलेला मूळ रंग, त्यावरील हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा आणि झिजलेली चिन्हपट्टी एकदा घासून काढली की ती परत आणता येत नाही. उलट छर्रे, ते ज्यावर फिरतात ते कोन, चेन, तारा आणि ब्रेकचे रबर हे झिजणारेच भाग असल्याने ते निःसंकोच बदलावेत. प्रत्येक सायकलीसोबत आम्ही एक चिठ्ठी देतो, तीत कोणते भाग मूळचे आहेत, कोणते दुसऱ्या सायकलीचे आहेत आणि कोणते नवे आहेत, हे लिहिलेले असते. यामुळे काही ग्राहक भाव पाडून मागतात, हे खरे आहे, पण तेच ग्राहक पुढची सायकल घ्यायला पुन्हा येतात.

सध्या आमची नजर जुन्या रिमांवर असते. तीन गिअरच्या अनेक इंग्रजी सायकलींच्या मागच्या रिमला ४० आणि पुढच्या रिमला ३२ भोके असत. चाळीस भोकांच्या रिम आता सहज मिळत नाहीत. म्हणून फ्रेम निकामी असलेली, सीट नसलेली, कोणी ढुंकूनही न पाहिलेली सायकल दिसली, तरी आम्ही थांबून आधी तिच्या मागच्या चाकाच्या तारा मोजतो, रिम फिरवून आऊट, म्हणजे ती किती डगमगते ते, पाहतो आणि मगच भावाचे बोलणे सुरू करतो.