आयफोनचे फोटो लॅपटॉपवर उघडूनच नाही राहिले: माझा अनुभव

आयफोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि ते उघडलेच नाही, किंवा कॉपी होता होता मधातच अडकले, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, बहुतेक वेळा फोटो खराब झालेले नसतात. आमच्या घरी भाचीच्या साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, फोटो असे अडकले तेव्हा ताईला वाटलं गेलं सगळं, आणि तिने फोटोवाल्यापासून तर मोबाईल बनवणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करून टाकला.

झालं असं की साक्षगंध नागपुरात मानेवाडा रोडवरच्या एका हॉलमध्ये होतं. फोटोग्राफर होताच, पण त्याच्या फोटोत सगळे लाइनीत उभे राहून कॅमेऱ्याकडे बघून राहिले असतात, घरचे खरे फोटो सगळे लहान भाचीच्या आयफोनमध्ये. आणि आमच्या आईला मोबाईलमधले फोटो चालत नाही, तिला कागदावर पाहिजे, हातात धरून चष्मा वरखाली करत पाहता आले पाहिजे. म्हणून भाऊजींनी फोटो पेन ड्राइव्हमध्ये घेऊन बर्डीवरच्या एका लॅबमध्ये नेले, तर लॅबवाला म्हणे, "भाऊ, हे काय आणलं तुम्ही? हे तर उघडूनच नाही राहिलं. जेपीजीमध्ये आणा ना." त्याच्याकडे अजून विंडोज ७ चालू आहे, प्रिंटिंग मशीनचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालते म्हणून तो बदलत नाही, आणि मला ते पटते पण. मग काम माझ्याकडे आलं, कारण आमच्याकडे ज्याला प्रिंटर जोडता येतो तो इंजिनिअर.

फाईलच्या नावापुढे .एचईआयसी लिहिलं होतं. विंडोजमध्ये हे शेपूट बहुतेक लपलेलं असते, फोल्डरच्या व्ह्यू मेनूत जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक केली तरच दिसते, आणि ती टिक पहिले करा, नाहीतर अर्धा दिवस आपण कशाशी भांडून राहिलो हेच कळत नाही. तर एचईआयसी म्हणजे फोटो साठवायच्या हेइफ नावाच्या स्टँडर्डचा एक प्रकार. हे स्टँडर्ड एमपेग नावाच्या, व्हिडिओ-ऑडिओची स्टँडर्ड ठरवणाऱ्या गटाने २०१५ मध्ये पक्कं केलं, आणि अॅपलने २०१७ च्या सप्टेंबरात आयओएस ११ सोबत आयफोन ७ पासूनच्या फोनमध्ये ते लावून दिलं. फायदा एकच पण मोठा, तोच फोटो जेपीजीच्या जवळपास अर्ध्या जागेत बसते. आतमध्ये फोटो दाबायला जी पद्धत वापरली आहे ती एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, तीच जी व्हिडिओत वापरतात. आणि सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे, कारण एचईव्हीसीवर पेटंट आहेत, वापरायचं तर लायसन्सचे पैसे लागतात, म्हणून १९९२ च्या जेपीजीसारखं ते सगळीकडे फुकटात पसरलं नाही. क्रोममध्ये एचईआयसी दिसत नाही, सफारीत २०२३ पासून दिसते.

यात आपणच मागे आहोत असंही नाही. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत बारावीच्या आसपासच्या पोरांच्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षा घरून ऑनलाइन झाल्या, उत्तरं कागदावर लिहून फोटो अपलोड करायचे होते, तर काही पोरांचे आयफोनचे एचईआयसी फोटो अपलोडच झाले नाही आणि त्यांना जूनमध्ये परत बसावं लागलं. आपल्याकडे साक्षगंधाचे फोटो अडकले, पेपर तर नाही अडकला, असं मी ताईला सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

आता घरचे सल्ले. माझा साळा म्हणे एचईआयसी खोडून जेपीजी लिहून टाका, झालं. हा सल्ला इतका लोक देतात की याच्यावर थोडं थांबतो. नाव बदललं तर फक्त नाव बदलते, आतला माल तोच राहते. पाहायचं असेल तर फाईल नोटपॅडमध्ये उघडा, सगळा कचरा दिसेल पण अगदी सुरुवातीलाच त्या कचऱ्यात इंग्रजीत एफटीवायपी आणि त्याला लागूनच एचईआयसी अशी अक्षरं वाचता येतात. जेपीजीत ती नसतात. काही सॉफ्टवेअर नावाकडे न पाहता आतली अक्षरं पाहून फोटो उघडतात, म्हणून कोणाकोणाचं नाव बदलून काम झाल्यासारखं वाटते, पण ते ज्या कॉम्प्युटरवर एचईआयसी आधीपासूनच उघडत होतं तिथेच. लॅबच्या मशीनवर नाही उघडत म्हणजे नाहीच उघडत.

दुसरा सल्ला भाऊजींचा, व्हॉट्सअपवर टाका, आपोआप जेपीजी होते. होते, खरी गोष्ट आहे. पण नेहमीसारखा पाठवला तर फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास येऊन बसते. आयफोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो असतो ४०३२ बाय ३०२४. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर मूळ फोटो १३ इंचापर्यंत सुरेख छापून येते, आणि व्हॉट्सअपवाला पाच इंचाच्या वर गेला की नाक-डोळे पसरायला लागतात. वरून फोटो कधी काढला, कुठे काढला ही माहितीही गळून जाते. आईला भिंतीवर मोठी फ्रेम पाहिजे होती, म्हणून हा रस्ता बंद. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाईल जशीच्या तशी जाते हे खरं, पण मग एचईआयसी पण एचईआयसीच जाते, आपण होतो तिथेच.

मग मी म्हटलं जाऊ दे, पेन ड्राइव्हमध्ये कोणी काय टाकलं याचा भरवसा नाही, फोनवरूनच सगळं परत घेऊ. केबल लावली, फोनने विचारलं या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का, ट्रस्ट दाबून पासकोड टाकला, डीसीआयएम नावाचं फोटोंचं फोल्डर उघडलं, सगळे निवडून कॉपी. थोडे गेले आणि मेसेज आला की सिस्टीमला जोडलेलं डिव्हाइस काम करत नाही आहे. परत लावलं, वेगळ्याच फोटोवर अडकलं. केबल बदलली, पोर्ट बदललं, तेच. भाची मागून म्हणते, "मामा, तुझा लॅपटॉपच म्हातारा झाला आहे." म्हातारा आहे, पण चूक त्याची नव्हती.

भानगड फोनच्या एका सेटिंगमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये फोटोज (आयओएस १८ पासून आधी अॅप्स, मग फोटोज), तिथे अगदी खाली 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' लिहिलं असते आणि त्यात दोन पर्याय, 'ऑटोमॅटिक' आणि 'कीप ओरिजिनल्स'. ऑटोमॅटिक असलं की फोन काय करतो, केबलमधून फाईल जात असतानाच तिला जेपीजी बनवायला घेतो. ऐकायला तर मस्त वाटते. पण कॉम्प्युटरला आधी सांगितलेली साइज वेगळी, येणारी वेगळी, फोन बदलत बसला आहे तोपर्यंत इकडे विंडोज वाट पाहून कंटाळते आणि हात वर करते. 'कीप ओरिजिनल्स' केलं, केबल काढून परत लावली, आणि एका झटक्यात सगळे फोटो आले. एचईआयसीच आले, पण आले.

माझं मत यातूनच बनलं आणि कोणी विचारलं तर मी हेच सांगतो, की फोनला रस्त्यात काही बदलायला लावू नका, आधी ओरिजिनल जसेच्या तसे कॉम्प्युटरवर उतरवा, मग बदलायचं ते त्यांच्या कॉपीवर, निवांत, आपल्या टेबलवर. मूळ फोल्डरला हात नाही लावायचा. मी त्याचं नावच 'मूळ हात लावू नये' ठेवलं, तरी साळ्याने उघडून पाहिलंच.

त्या फोल्डरमध्ये फोटोशिवाय आणखी दोन तऱ्हेच्या फाईली निघाल्या. एक .एमओव्ही, फोटोच्याच नावाची, दोन-तीन सेकंदांची, ती लाइव्ह फोटोची हलणारी बाजू. दुसरी .एएई, अगदी बारकी, त्यात फक्त फोनवर फोटोला काय काय एडिट केलं त्याची नोंद असते, विंडोजला तिचा काही उपयोग नाही. एडिट केलेला फोटो वेगळा येतो, नावात आयएमजीनंतर ई असलेला, म्हणून एकच फोटो दोनदा दिसला तर घाबरू नका, भाचीने आपल्या चेहऱ्याचे जेवढे उजळून घेतले होते तेवढे सगळे दोनदा होते.

आणि तरी हळदीकुंकवाच्या वेळचे फोटो नव्हतेच. फोनवर दिसतात, कॉम्प्युटरवर नाही. याचं कारण आयक्लाउडचं 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज'. ते चालू असलं आणि फोन भरत आला की मूळ फोटो आयक्लाउडवर आणि फोनमध्ये फक्त लहान प्रत राहते, आणि केबलने मूळ येत नाही कारण तो फोनमध्ये आहेच कुठे. तिथे 'डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स' करावं लागलं, त्याच्यासाठी आधी फोनमधल्या वेब सिरीज उडवाव्या लागल्या, भाचीचं तोंड फुगलं, मग वायफायवर लावून ठेवलं तेव्हा ते उतरले.

आता बदलण्याचं काम. विंडोज १० किंवा ११ असेल आणि नुसतं पाहायचं असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये 'हेइफ इमेज एक्स्टेन्शन्स' फुकट मिळते, पण आयफोनच्या फोटोसाठी त्याच्यासोबत एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन पण लागते आणि ते विकत आहे, पैसे फार नाही. पेटंटची गोष्ट वर सांगितली ना, हे तेच. विंडोज ७ वर हा प्रकारच नाही. मला पाहायचे नव्हते, बदलायचे होते, म्हणून मी एक्सएनकन्व्हर्ट नावाचं सॉफ्टवेअर घेतलं, घरगुती वापराला फुकट आहे, पूर्ण फोल्डर एकदम टाकता येतो. आउटपुटला जेपीजी, क्वालिटी ९५, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक्झिफ (फोटो कधी, कुठे काढला ती माहिती) आणि आयसीसी प्रोफाइल (रंगांची माहिती) ठेवायच्या टिका. एक्झिफ गेलं तर तारखा जातात आणि अख्खं साक्षगंध आजच झालं असं दिसते, आधी पंगत, मग टिळा, मग पाहुण्यांचं येणं. विंडोजमध्ये लावतानाही 'डेट मॉडिफाइड' नाही, 'डेट टेकन' निवडा, कारण मॉडिफाइड म्हणजे बदलल्याची तारीख.

रंगाचं वेगळंच. आयफोन फोटो डिस्प्ले पी३ नावाच्या रंगांच्या मापात ठेवतो, त्यात रंग जास्त बसतात, आणि लॅबची बरीच मशीनं एसआरजीबी हे लहान माप धरून चालतात. प्रोफाइल गळालं किंवा मशीनने वाचलंच नाही तर रंग फिके येतात, आणि इथे नवरीची साडी चांगली नागपुरी संत्र्यासारखी होती, ती फिकी आली असती तर ताईने मला घरात घेतलं नसतं. म्हणून फ्रेमसाठी निवडलेले मोजके फोटो मी गिंप नावाच्या फोटो एडिटरमध्ये एकेक उघडले. गिंप २.१० च्या मालिकेपासून एचईआयसी उघडते, उघडतानाच विचारते की एसआरजीबीमध्ये बदलू का, हो म्हणायचं आणि जेपीजी एक्सपोर्ट करायचं. बाकी अल्बमचे लहान फोटो तसेच गेले.

ऑनलाइन कन्व्हर्टरचं विचाराल तर मी वापरले नाही. एकदोन फोटो असते तरी नसते वापरले. घरातल्या पोरीबाळींचे फोटो, वरून एक्झिफमध्ये घराचं लोकेशन, ते कोणत्या कुठल्या साइटवर चढवायचे काहून?

पुढच्यासाठी भाचीच्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स' आहे, तिथे 'हाय इफिशियन्सी'च्या जागी 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की नवे फोटो सरळ जेपीजी निघतात. जुने तसेच राहतात हे लक्षात घ्या. मी ते कायमचं करायला सांगितलं नाही, तिचा फोन ६४ जीबीचा आहे आणि रोज काढलेल्या चहाच्या कपाला जेपीजीची गरज नाही. लग्नाच्या दिवशी करायचं, झालं की परत फिरवायचं. फक्त एक, मोस्ट कम्पॅटिबलवर ४के ६० फ्रेमचा व्हिडिओ निघत नाही, तो पाहिजे असेल तर विचार करा. आणि हे फक्त आयफोनचं नाही, सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्येही कॅमेऱ्यात हाय इफिशियन्सीचा पर्याय असतो, कोणी चालू करून ठेवला तर तिथेही हाच तमाशा.

लॅबवाल्याने यावेळी पेन ड्राइव्ह लावला आणि काही न बोलता फोटो निवडायला घेतले. आईच्या फ्रेमसाठी १२ बाय ९ ची साइज सांगितली, कारण फोनचा फोटो ४ बाय ३ च्या मापाचा असतो आणि त्या साइजमध्ये कोणाचं डोकं कापल्या जात नाही.

व्हिडिओ अजून बाकी आहेत, तेही एचईव्हीसीतच आहेत आणि भाऊजींच्या टीव्हीवर नुसता आवाज येते, चित्र नाही. माझ्या लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये चालतात, पण टीव्हीसाठी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरने जुन्या एच.२६४ मध्ये बदलून राहिलो आहे, म्हाताऱ्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ व्हायला जेवण होऊन जाते.