तेरा रुपयांची उधारी आणि मधलं ‘एल’

मागच्या महिन्यात काका गेले. अस्थी घेऊन आम्ही सगळे गंगेवर गेलो (बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात), रामकुंडापाशी गाडी लावायला जागा मिळेना, त्यात ऊन, त्यात आत्या सारखी म्हणतेय टोप्या घ्या टोप्या घ्या. विधी झाले आणि मग गुरुजींनी विचारलं गाव कोणतं, आडनाव काय. सिन्नर तालुका म्हणल्यावर आत जाऊन लाल कापडात बांधलेली लांबलचक वही घेऊन आले. ज्यांनी ही वही बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही, पणजोबांची मोडीतली सही समोर आली ना, अंगावर काटाच आला. त्यांचे भाऊ, त्यांची मुलं, मुलांची मुलं, कोण कधी आलं, कशासाठी आलं, सगळं.

सगळं म्हणजे सगळे पुरुष. आत्याने चष्मा लावून दोन पानं पुढेमागे केली आणि विचारलं, “गुरुजी, मी कुठंय यात?” गुरुजी शांतपणे म्हणाले, “ताई, तुमचं नाव तुमच्या सासरच्या वहीत असेल.” तर आत्या म्हणते, “सासरचे सगळे पंढरपूरला जातात हो, गंगेवर आलंय कोण?” सुतकात असूनही सगळे हसले. आत्या नाही हसली.

तर त्याच आठवड्यात बंगलोरचा मामेभाऊ भेटायला आला होता, त्याच्याशी हा विषय निघाला आणि तो म्हणाला की आमच्याकडच्या जुन्या क्लबात पण एक वही आहे, त्यात बुडीत उधारीच्या यादीत लेफ्टनंट डब्ल्यू. एल. एस. चर्चिल, तेरा रुपये, अशी नोंद आहे. हो तोच चर्चिल, पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला. पुढे तो आपल्याशी कसा वागला, आपल्याबद्दल काय काय बोलला, १९४३ साली बंगालमध्ये माणसं उपाशी मरत होती तेव्हा त्याच्या सरकारने काय केलं, ते सगळं मला माहिती आहे आणि या माणसाचं कौतुक करायला मी बसलेले नाही. पण तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा, घोडदळातला, फोर्थ हुसार्स रेजिमेंटमधला पोरगा होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत उतरला, ससून डॉकवर बोटीतून पायरीवर चढताना हिसका बसून खांदा निखळला, मग पुणे आणि मग बंगलोर. खांद्याचं दुखणं जन्मभर राहिलं आणि तरी पठ्ठ्या पोलो खेळायचा.

मला मात्र त्या ‘एल’ने पकडलं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बापाचं, प्रश्नच नाही. याच्या बापाचं नाव रँडॉल्फ. मग एल कोण? तर लिओनार्ड. आईचे वडील! न्यूयॉर्कचे लिओनार्ड जेरोम, शेअरबाजारात कमावणारे आणि घोड्यांचे वेडे, इतके वेडे की स्वतः रेसकोर्स काढलं १८६६ मध्ये, जेरोम पार्क. म्हणजे नातू घोडदळात गेला ते काही आकाशातून पडलं नव्हतं.

मग काय, दोन रात्री मोबाईलवर हेच वाचत बसले.

आई जेनी, जन्म ब्रुकलिनचा. १८७३ च्या ऑगस्टमध्ये काउझ नावाच्या गावी दोघं भेटले, १५ एप्रिल १८७४ ला पॅरिसमध्ये ब्रिटिश वकिलातीत लग्न, आणि ३० नोव्हेंबरला विन्स्टन जन्माला. बोटं मोडून महिने मोजणाऱ्या बायका तिकडेही असणारच, मी पण मोजले. बाप लॉर्ड रँडॉल्फ हा ड्यूक ऑफ मार्लबरोचा (ड्यूक म्हणजे तिकडचा सगळ्यात वरचा सरदारी किताब) धाकटा मुलगा, म्हणजे नाव मोठं पण वाडा, जमीन सगळं थोरल्याकडे. हा १८८५ मध्ये भारतमंत्री, म्हणजे लंडनच्या सरकारातला भारताचा कारभार बघणारा मंत्री होता, काही महिनेच, पण तेवढ्यात ब्रह्मदेशावर लढाई लावली आणि १ जानेवारी १८८६ ला तो देश इंग्रजांच्या राज्यात जोडून टाकला. मुलाने सँडहर्स्टची, म्हणजे तिकडच्या लष्करी कॉलेजची, परीक्षा तिसऱ्या खेपेला काढली आणि मार्क पायदळाला पुरले नाहीत म्हणून घोडदळ मिळालं, त्यावर बाप खूश व्हायचं सोडून भडकला, कारण घोडदळात घोडे, पोलोचे तट्टू, सगळा खर्च घरचा. (मॅनेजमेंट कोट्याची फी ऐकल्यावर आमच्या कॉलनीतल्या बाबांचे चेहरे आठवले.) जानेवारी १८९५ मध्ये बाप गेला, वय पंचेचाळीस. फेब्रुवारीत मुलगा रेजिमेंटमध्ये रुजू. पुढे पैसे, ओळखी, कुठल्या लढाईवर जायला मिळेल याची खटपट, सगळ्यासाठी पत्रं कुणाला, तर आईला.

पण खरी गंमत दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधीची आहे, ती वाचून मी उठून बसले.

घराण्याचा मूळ नावाजलेला माणूस जॉन चर्चिल. त्याच्या बापाचं नाव पण विन्स्टनच, तोही राजाच्या बाजूने घोडदळात कॅप्टन म्हणून लढलेला, राजा हरला आणि याला दंड भरावा लागला. म्हणून घराण्याचं ब्रीद काय, तर ‘विश्वासू, पण दुर्दैवी’. मला हे जाम आवडलं. तर हा जॉन १७०२ मध्ये ड्यूक झाला, १७०४ मध्ये ब्लेनहाइमची लढाई जिंकला, त्या नावाचा राजवाडा उभा राहिला, आपला विन्स्टन तिथेच जन्मला. पण त्या जॉनचा हाताशी आलेला मुलगा १७०३ मध्येच देवीच्या आजाराने गेलेला. उरल्या मुली. आपल्याकडे काय झालं असतं? भाऊबंदांत दत्तक शोधला असता, भांडणं झाली असती. यांनी १७०६ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदाच करून घेतला की ड्यूकपद मुलींकडे जाईल. १७२२ मध्ये जॉन गेल्यावर थोरली हेन्रिएटा स्वतः डचेस झाली, नवऱ्याची म्हणून नाही, बापाची म्हणून. तिचा मुलगा तिच्या आधी वारला, म्हणून १७३३ मध्ये ती गेल्यावर सगळं बहिणीच्या, ॲनच्या, मुलाकडे गेलं. आणि ॲनच्या सासरचं आडनाव होतं स्पेन्सर.

म्हणजे बघा, ज्याला अख्खं जग चर्चिल म्हणतं तो बापाकडून धरला तर स्पेन्सर. १८१७ मध्ये पाचव्या ड्यूकने राजाची परवानगी काढून मागे चर्चिल जोडून घेतलं तेव्हा कुठे ते नाव परत आलं. डब्ल्यू. एल. एस. चर्चिल. एल आईच्या बापाचा, चर्चिल पणजीच्याही पणजीच्या माहेरचं (पिढी एखादी इकडेतिकडे, बोटांवर मोजली आहे), बापाच्या वंशाचा उरला तो मधला एस, जो कुणी उच्चारत पण नाही.

अर्थात तिकडे बायकांचं राज्य होतं असं काही नाही. तो कायदा त्या एका घरापुरता. बंगलोरला असताना विन्स्टन स्वतः ड्यूकपदाच्या रांगेत पहिला होता, कारण तेव्हाचा ड्यूक असलेल्या चुलतभावाला मूल नव्हतं, आणि त्या चुलतभावाने कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट नावाची गडगंज अमेरिकन मुलगी केलेली, तिच्यावर लवकर मुलगा दे म्हणून घरच्या म्हातारीचा तगादा. विन्स्टनसारखा पोरगा ड्यूक झालेला चालणार नाही म्हणे. सप्टेंबर १८९७ मध्ये तिला मुलगा झाला आणि याची रांग संपली. त्या महिन्यात हा वायव्य सरहद्दीवर मलाकंडच्या बाजूला गोळ्या चुकवत होता. सून आणून नातवासाठी डोळे लावून बसणारी म्हातारी मला इंग्लंडात जाऊन शोधायची गरजच नव्हती, आमच्या सिन्नरात तीन आहेत.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं, पाऊण तास. तिने मधे एकदाच विचारलं, “मग ते तेरा रुपये दिले का त्याने?” म्हणलं नाही, अजून यादीतच आहेत. मग म्हणाली काकांच्या वर्षश्राद्धाला गंगेवर जाऊ तेव्हा वहीत माझं नाव घालून घ्यायचं, गुरुजी नाही म्हणाले तर मी बोलेन त्यांच्याशी, तू मधे पडू नकोस.

काल रात्री साडेदहाला परत फोन. “अगं, त्या वहीत सही मोडीतच करावी लागते का?”