हेन्श्केची शिराझ

ॲडलेडला पाहुणे आले की सगळे त्यांना बरोसाच्या द्राक्षमळ्यांत नेतात. मी अजून थोडं वर, ईडन व्हॅलीत हेन्श्के या वाइन करणाऱ्या कुटुंबाकडे नेते. त्यांच्या 'हिल ऑफ ग्रेस' बागेतल्या सर्वांत जुन्या वेली १८६०च्या सुमारास लावलेल्या, समोर जुनं लुथरन चर्च. खोडं इतकी जाड आणि पिळदार की वेल म्हणायला जीभ धजत नाही. मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा किडीने युरोपातल्या बागा उजाड केल्या. साउथ ऑस्ट्रेलियात ती शिरलीच नाही, म्हणून या वेली कलमाविना, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. सिरिल हेन्श्केंनी १९५८ साली या एकाच बागेची शिराझ, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षांची लाल वाइन, वेगळी बाटलीत भरली. आता त्यांचे चिरंजीव स्टीफन वाइन करतात, सूनबाई प्रू बाग सांभाळतात. वर्ष मनासारखं नसेल तर ही वाइन निघतच नाही.

तिची किंमत विचारू नका. माझी आवडती मात्र त्यांचीच दुसऱ्या बागेतली शिराझ, 'माउंट एडलस्टोन', तीही काही स्वस्त नाही. १९१२च्या वेली. आधी काळी मिरी, मग सेज या सुगंधी झुडपाच्या पानांचा वास, मागून जांभळासारखा तुरटपणा. आमच्याकडे ती मटणाच्या रश्शाबरोबर उघडतात. जाणकार नाक मुरडतील, मुरडोत. फक्त तिखट बेताचं ठेवा आणि बाटली तासभर आधी उघडा.