माचिसच्या काड्या

"दादा, बेस पडला ना भिंतीवरून!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला हा फोन आला. मारबतीच्या दिवशी, म्हणजे ईडा-पीडेचे पुतळे मिरवत नेऊन जाळतात त्या दिवशी, मी दुकान उघडत नाही. नागपुरात बर्डीवर तारवाद्यं दुरुस्त करायचं माझं छोटं दुकान आहे. गिटार, बेस म्हणजे जाड तारांची गिटार, युकुलेले, वर्षाकाठी एखादं मेंडोलिन. निम्मं काम पडलेल्या वाद्यांचंच. कोपऱ्यात टेकवून ठेवलेली गिटार पोछा मारताना घसरते, पलंगावरची पाहुण्यांच्या पोरांच्या हाती लागते. म्हणून येईल त्याला माझा एकच सल्ला असतो, भिंतीवर टांगा. पाहिजे तर मीच येऊन हूक लावून देतो. इतवारीतल्या त्या वाड्यातला बेस मीच टांगला होता, दोन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात.

गांधीबागेजवळ गाडी लावून पुढे पायीच निघालो. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" असा गजर चाललेला. जागनाथ बुधवारीकडून पिवळी मारबत निघणार, शहीद चौकात तिची काळीशी भेट होणार, म्हणून सगळी गर्दी तिकडेच लोटलेली. बडग्यांच्या, म्हणजे पुरुषी पुतळ्यांच्या, मागे डीजेच्या गाड्या. आवाज कानात नाही, बरगड्यांत ऐकू येत होता. पंधरा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. वाटभर डोक्यात एकच, खाली कोणी बसलेलं तर नव्हतं?

माणूस नव्हता. लाकडी बैल होता.

संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा. घरातल्या सात वर्षांच्या पोरीने बैल पुसून, झूल घालून, सजवायला म्हणून नेमका त्या भिंतीखाली ठेवला होता आणि बेगड आणायला खाली गेली होती. बैल तिच्या आजोबांच्या लहानपणीचा. सव्वाचार किलोचा बेस थेट त्याच्या डोक्यावर आला. डावं शिंग मुळापासून मोडलं. पोरगी जिन्यात बसून रडत होती.

वरच्या मजल्यावरची ती खोली नातवाच्या बॅंडची. भिंतीवर पाच वाद्यं, दोन इलेक्ट्रिक, दोन अकूस्टिक आणि हा बेस. आत शिरलो तो दारातच थबकलो. बेस जमिनीवर आडवा, आणि हूक अजूनही त्याची मान धरून. वजन आलं की दोन्ही हात आपोआप मिटतात, तसला लॉकवाला महागडा हूक होता तो. त्याने शेवटपर्यंत सोडलं नव्हतं. पट्टी, दोन्ही स्क्रू, स्क्रूला चिकटलेल्या, भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या, सगळं लवाजम्यासकट खाली आलं होतं. सोडलं होतं ते भिंतीने.

घरातल्या आजोबांनी, काकाजींनी, निकाल देऊन टाकला होता. "डीजेवाल्यांवर केस ठोकली पाहिजे. काचा वाजून राहिल्या इथं, अन् तेवढ्यात धाडकन आवाज!" पोरांचंही तेच मत. खोटं नव्हतं ते. डीजेच्या गाड्या अगदी खालून जात होत्या. मला फक्त मान डोलवायची होती.

आधी बेस पाहिला. नेक, म्हणजे मान, चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेला, डोकं सपाट, म्हणून वाचला. तार पिळायची एक किल्ली वाकली होती, खालच्या कडेला खोक पडली होती, बाकी नेक सरळ. याच जागी मागे झुकलेल्या डोक्याची, एकसंध नेकची गिटार असती, तर डोक्याखाली ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकच्या आतल्या सळईच्या, खाचेपाशी तुकडा पडला असता. तशा कितीतरी चिकटवल्यात मी.

मग स्टुलावर चढून भोकात टॉर्च मारला. आत पिवळट माती, किंचित दमट. गिट्टी सोलून पाहिली तर तिच्या फटीतून दोन माचिसच्या काड्या निघाल्या. एकीला अजून गूल होता.

त्या काड्या माझ्याच. दोन वर्षांपूर्वीची ती दुपार तिथल्या तिथे आठवली. बाहेर 45 अंश, कूलर दुसऱ्या खोलीत. ड्रिल मारताना खाली पडते ती भुकटी मी पाहतोच, कारण आत काय आहे ते भिंत भुकटीतून सांगते. राखाडी म्हणजे सिमेंटचं प्लास्टर, लाल म्हणजे वीट, पांढरीफेक म्हणजे चुना नाहीतर बेसा-मनीषनगरकडच्या नव्या फ्लॅटांतले सच्छिद्र काँक्रीटचे हलके एएसी ब्लॉक. त्या ब्लॉकांना साधी गिट्टी धरत नाही, हॅमर बंद करून भोक पाडावं लागतं आणि गिट्टीही त्यांचीच लागते. त्या दिवशी आधी राखाडी पडली, मग जराशी लाल, मग सरळ माती. वाडा जुना, भिंत मातीत बांधलेली, वरून नंतर कधीतरी सिमेंटचा हात फिरवलेला. माझं ड्रिल दोन विटांमधल्या सांध्यात शिरलं होतं. स्क्रू आवळला तर थोडा घट्ट होऊन रिकामा फिरायला लागला. दोन इंच सरकून नवं भोक पाडायचं, एवढंच काम होतं. पण चार हूक झालेले, घसा सुकलेला, आणि सुताराच्या हाताखाली शिकलेली ती जुनी युक्ती खिशातच होती. गिट्टीत दोन काड्या घातल्या, स्क्रू करकचून बसला. हूकला लोंबकळून दाखवलं सुद्धा. सगळे खूश.

लोंबकळून दाखवणं हा तसा तमाशाच. खरी परीक्षा रोजची असते. बेस भिंतीपासून साधारण दहा सेंटीमीटर पुढे लटकतो, पट्टीच्या दोन स्क्रूंमधलं अंतर सात सेंटीमीटर. म्हणजे वजन नुसतं खाली ओढत नाही, वरचा स्क्रू बाहेर उपटत राहतं. हिशेब केला तर सहा किलोची ओढ, चोवीस तास. त्यात भिंत पश्चिमेची, बाहेरची. उन्हाळ्यात संध्याकाळी हात ठेववत नाही इतकी तापते, पावसाळ्यात तिला ओल येते. माती आकसते, फुगते, आणि दर वेळी गिट्टीभोवतीची पकड थोडी कमी होते.

मी खाली उतरलो आणि काड्या काकाजींच्या हातावर ठेवल्या. "डीजेने फक्त धक्का दिला, काकाजी. खिळखिळं मी करून ठेवलं होतं."

त्यांनी चष्मा वर करून काड्या पाहिल्या. "माचिसच्या काडीवर पोट्ट्याचा वीस हजाराचा बाजा टांगून ठेवला होता का बाप्पा तुम्ही?"

"हो."

"अन् पोरगी खाली बसली असती तर?"

याला उत्तर नव्हतं. नातू "जाऊ द्या ना आबा" म्हणत होता, पण काकाजी जाऊ देणाऱ्यातले नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं.

उरलेले आठ स्क्रू तपासायला पुन्हा स्टुलावर चढलो, तेवढ्यात खालून आणखी एक डीजे निघाला. कोणी हातही न लावता भिंतीवरच्या चारही गिटारी गुणगुणायला लागल्या. भीती वाटावी असा आवाज. बेसच्या सगळ्यात जाड तारेची कंपनं सेकंदाला 41, तिच्या खालच्या तारेची 55. डीजेचा सगळा दणका याच पट्ट्यातला. तो भिंतीवर असताना केवढा थरथरला असेल! मी तळव्याने तारा दाबून धरल्या आणि एकेक गिटार उतरवून गादीवर दिली. आठांपैकी सहा स्क्रू विटेत पक्के होते. दोन, एकाच हूकचे, बोटांनी फिरले. म्हणजे दुसरी गिटारही रांगेत उभी होती.

जेवणाच्या वेळेपर्यंत काकाजी जरा निवळले. कालच्या पुरणपोळ्या समोर आल्या. खाता खाता त्यांनी मनात साठवलेली शंका काढली. "डोक्याला धरून टांगल्यानं त्याची मान लांब नाही होत का?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. साध्या अकूस्टिक गिटारीच्या सहा तारा मिळून नेकला सत्तर किलोच्या वर ओढत असतात. त्यापुढे गिटारीचं स्वतःचं दोन-चार किलो वजन ते काय! टांगल्याने नेक बिघडत नाही. बिघडते ती उन्हाने, कोरड्या हवेने. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी शुष्क होते की अकूस्टिकच्या फळीला तडे जातात, आणि समोर कूलर लावला तर उलट ती फुगते. एक मात्र खरं, महाग जुन्या गिटारींना नायट्रो नावाच्या लॅकरचं पॉलिश असतं, त्याला काही हूकांचं रबर डाग पाडतं. तिथे सुती कापड गुंडाळायचं. यांच्या गिटारींना ती भानगड नव्हती.

चार दिवसांनी जाऊन काम नव्याने केलं. बाहेरची भिंत सोडली, आतली घेतली. वाड्यातच पडलेली जुन्या चौकटीची सागवानी फळी होती, पाच फूट लांब, सहा इंच रुंद. ती आडवी मारली, 75 मिलिमीटरचे दहा स्क्रू, प्रत्येक भोकाची भुकटी कागदावर घेऊन. माती दिसली की जागा बदलली. दोनदा बदलावी लागली. हूक फळीत बसवले, आता वजन एका विटेवर नाही, दहा ठिकाणी वाटलेलं. फळीखाली काही ठेवायचं नाही, हे काकाजींनीच जाहीर केलं. पैसे घेतले नाहीत. वाकलेली किल्लीही माझ्याच खर्चाने.

पण बेस पडला त्या दिवशी घाई दुसरीच होती. तान्हा पोळा संध्याकाळी, आणि जिन्यात बसलेल्या त्या पोरीला बेसशी काही देणंघेणं नव्हतं.

पिशवीत डिंक होता, आमचा नेक चिकटवायचा पिवळा. पण त्याला रात्रभर दाबून धरावं लागतं आणि माझ्याकडे चार तास. शिंगाला आणि डोक्याला समोरासमोर बारीक भोक पाडलं, आत काडी बसवली, डिंक लावून दाबलं, आणि वरून क्लासिकल गिटारची जुनी नायलॉनची तार घट्ट गुंडाळली. बैल एकदम पट्टी बांधलेल्या पैलवानासारखा दिसायला लागला.

पोरगी शेजारी येऊन बसली होती. "ही तार कधी काढायची?"

"उद्या सकाळी. तोपर्यंत शिंगाला धरून उचलायचं नाही."

तिने तारेवरून सोनेरी बेगड चिकटवायला घेतलं. मध्येच थांबून, जेवताना ऐकलेलं आठवून, तिने विचारलं, "काका, यात माचिसची काडी तर नाही ना घातली?"

"नाही. अगरबत्तीची घातली."

तिने माझ्याकडे पाहिलं, शिंगाकडे पाहिलं, दोन बोटांनी ते हळूच हलवून बघितलं. मग बैल पोटाशी धरून खाली गेली.